रविवर्म्यांची लक्ष्मी कुरिअरने निघते तेव्हा

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तसबीर उलटी करून पाहणारा माणूस दिसला, तर तो मुरलेला गिऱ्हाईक समजावा. चित्र तो नंतर बघतो. आधी मागची फळी, खिळे, कागदाची कड आणि खाली छापखान्याचे नाव आहे का, ते पाहतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरच्या भिंतींवर पोचल्या. त्याआधी १८७८पासून पुण्याच्या चित्रशाळेची शिळाछाप चित्रे होतीच. आजीच्या देवघरातून उतरून माळ्यावर गेलेली ही चित्रे आता संग्राहक शोधत असतात. व्यवहार फोनवर होतो, पैसेही फोनवरच जातात. उरतो तो फक्त कागद, आणि त्याला मुंबईहून नागपूरला धड पोचवायचे असते.

या कागदाचा स्वभाव आधी ओळखायला हवा. ओलिओग्राफ म्हणजे शिळाछापच. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक ठसे आणि शेवटी तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर वार्निशचा हात. शंभर वर्षांनी ते वार्निश ठिसूळ होते, पण उकाड्यात आणि दमट हवेत चिकटही होऊ शकते. खालचा कागद मागच्या लाकडी फळीतले आम्ल पिऊन तपकिरी पडलेला असतो. कधीकधी तर फळीच्या गाठींचा नकाशाच त्याच्या पाठीवर उमटलेला दिसतो. असा कागद वाकवला की पापडासारखा मोडतो. म्हणून पहिला नियम: जुना छाप गुंडाळायचा नाही. नळीत घालून पाठवणे स्वस्त पडते, सोपे वाटते, आणि बहुतेक नुकसान तिथेच होते.

तसबिरीसकट पाठवावे का? माझे मत, नाही. फ्रेम कितीही देखणी असली तरी वाटेत काच फुटली की तिचा तुकडा थेट लक्ष्मीच्या चेहऱ्यावरून फिरतो. काच काढता येत असेल तर काढावी. मात्र वार्निश काचेला चिकटले असेल, तर ओढून काढण्याचा मोह आवरावा. रंग काचेबरोबर जाईल. ते काम कागद-संवर्धकाचे. तोवर काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या माराव्यात, म्हणजे फुटली तरी तुकडे जागेवर राहतील, आणि पार्सल हातोहात न्यावे.

सुटा छाप बांधताना सगळ्यात जवळचा थर आम्लविरहित कागदाचा असावा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. बबल रॅप तर चित्राला थेट लावूच नये, कारण फुग्यांचे गोल ठसे वार्निशवर उमटतात आणि ते जात नाहीत. मग छाप एका कडक, आम्लविरहित पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि कागदाच्याच घडीचे चार छोटे खिसे करून त्यांत त्याचे चार कोपरे अडकवायचे. चिकटपट्टी खिशाला आणि पुठ्ठ्याला, छापाला कधीच नाही. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. कडा चिकटवून टाकल्या तर तो बिचारा हलणार कुठे? त्याला सुरकुत्या पडतात.

बाहेरून खोक्याचा नालीदार पुठ्ठा लागतो, आणि इथे एक युक्ती उपयोगी पडते. त्याच्या नाळ्या एकाच दिशेने जातात आणि त्या दिशेला समांतर तो सहज दुमडतो. म्हणून दोन तुकडे घेऊन एकाच्या नाळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवायच्या. दोन्ही बाजूंना अशी जोडी लावली की कुरिअरच्या गाडीत वर काही आदळले तरी पाकीट सहसा वाकत नाही. पुठ्ठा छापापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठा हवा. पार्सल पडते ते बहुधा कोपऱ्यावर.

या रुंदीचे पैसे मात्र मोजावे लागतात. कुरिअरवाले खऱ्या वजनाबरोबर आकारमानाचेही वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५०००ने भागायचे. २० बाय १४ इंचांच्या छापाचे पाकीट ६५ बाय ५० बाय ६ सेंटिमीटर झाले, तर वजन लागते ३.९ किलो. काट्यावर ते दीड किलोही भरत नसेल. पैसे वाचवायला इथेच पुठ्ठा कापला जातो.

पावसाळ्यात पाठवायचेच असेल, तर छाप आधी कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस राहू द्यावा. ओलसर कागद प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केला की बुरशीची सोय होते. सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण चित्राला टेकलेली नको.

पार्सल बांधणारा एक गोष्ट हमखास विसरतो. उघडणाऱ्याच्या हातात चाकू असतो. चाकू कुठे चालवायचा हे त्याला सांगितले नाही तर तो मधोमध चालवतो. म्हणून टेपचे टोक दुमडून ओढण्याजोगे ठेवावे आणि आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे: चित्र या बाजूला, इथून उघडा. बाहेरच्या ‘नाजूक’ लिहिलेल्या लाल चिठ्ठीपेक्षा मला या ओळीचा भरवसा जास्त वाटतो. बांधण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडांचे फोटो काढावेत. विम्याचा दावा करायची वेळ आली तर तेच कामी येतात.

आणि न्यू जर्सीतला भाचा आजोळची लक्ष्मी मागत असेल तर? १९७२च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती कुणाही खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती घरचीच का असेना. वय कमी असल्याचा दावा असला तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा तसा दाखला आधी घ्यावा. भाच्याला चांगल्या जाड कागदावरची नवी प्रत काढून द्यावी. ती मात्र रुंद नळीत सैल गुंडाळून खुशाल पाठवा. टोपणे टेपने पक्की करा आणि नळी चौकोनी खोक्यात घाला, नाहीतर ती गडगडत जाते. पोचल्यावर दोन दिवस सपाट पृष्ठभागावर, कोऱ्या कागदाखाली दाबून ठेवायला सांगा.