सरहद्दीची रेघ
कॅनडाची १९८८ची संसदीय निवडणूक अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार कराराभोवती फिरली. लिबरल पक्षाचे जॉन टर्नर तोवर पडेल नेतेच मानले जात. १९८४मध्ये ब्रायन मल्रोनींनी त्यांचा धुव्वा उडवला होता. पण दूरचित्रवाणीवरच्या वादसभेत त्यांनी करारावरून मल्रोनींना धारेवर धरले आणि वारे फिरले. लिबरलांच्या जाहिरातीत वाटाघाटी करणारा अमेरिकी माणूस नकाशावरची सरहद्दच पुसून टाकतो (कुठल्याही भाषणापेक्षा परिणामकारक!), मल्रोनींच्या पक्षाने ती पुन्हा आखून दाखवली. प्रश्न जकातीचा उरला नाही, अस्तित्वाचा झाला. करारविरोधी लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षांना मिळून निम्म्याहून अधिक मते पडली, पण ती विभागलेली. मल्रोनींना सुमारे ४३ टक्के मतांवर २९५पैकी १६९ जागा मिळाल्या. १ जानेवारी १९८९ रोजी करार लागू झाला.