पडद्यामागची ‘तेरा घराणी’

सोलापुरात सात रस्त्याजवळ चहा घेताना शेजारच्या काकांनी मोबाइल पुढे केला. ‘पंतप्रधान कुणीही होवो, हुकूम जगातल्या तेरा घराण्यांचाच चालतो.’ वर बारीक अक्षरांत ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’. कुणी पाठवलं, विचारलं. म्हणाले, “ग्रुपवर आलंय.”

ही गोष्ट आली कुठून?

इल्युमिनाटी नावाची गुप्त मंडळी खरोखर होती. १७७६ साली बव्हेरियात ॲडम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने ती काढली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या राज्यकर्त्याने तिच्यावर बंदी घातली. मंडळी संपली, नाव मात्र कटाच्या गोष्टींत उरलं.

दुसरा उगम जास्त विखारी आहे. ज्यू पुढारी जगावर ताबा मिळवण्याचा कट करताहेत, असं सांगणारा ‘प्रोटोकॉल्स’ नावाचा मजकूर १९०३ मध्ये रशियात छापला गेला. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये दाखवून दिलं, की त्यातले उतारेच्या उतारे तिसऱ्या नेपोलियनवरच्या एका जुन्या फ्रेंच उपहासपुस्तकातून उचलले आहेत. तरीही नाझींनी त्याच मजकुराचा प्रचार केला. तेरा घराण्यांच्या यादीत रॉथशिल्ड हे ज्यू नाव हमखास का असतं, ते यावरून कळावं.

मग लोकांना हे का पटतं?

कारण सत्तेवर पैशाचं वजन असतं, हे खोटं नाही. निवडणूक रोख्यांतून कोणत्या पक्षाला कुणी किती दिले, हे मतदाराला कळतच नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये नावं, रकमा, तारखा जाहीर झाल्या. हे गुपित उघडं पडलं ते लोक कोर्टात गेले म्हणून. आपल्या जिल्ह्यातही साखर कारखान्यावर, जिल्हा बँकेवर, दूध संघावर कोण बसलंय, हे सभासदाला माहीत असतं. प्रश्न त्यांना विचारता येतो. तेरा घराण्यांना कोण विचारणार?

अफवेची किंमत

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा मोबाइलवरून आधीच पोचली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

काका, नाव, रक्कम, तारीख नसलेला मेसेज पुढे पाठवू नका.