किती विमानं गेली, ते सांगायची परवानगी नाही!

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: युद्ध सुरू झालं की बातम्यांवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

आधी माझी चूक सांगतो. मे 2025 मध्ये मीही तुमच्यासारखाच मध्यरात्री मोबाइल हातात घेऊन बसलो होतो. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची ‘ब्रेकिंग’ पाहिली आणि लगेच घरच्या ग्रुपवर ढकलली. नंतर कळलं, तसं काही झालंच नव्हतं. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, तू पॉडकास्ट करतोस ना?"

म्हणून आज एक जुनं युद्ध घेऊ. जुनं, कारण त्यातलं बरंच काही आता उघड झालंय. 1982, फॉकलंड. दक्षिण अटलांटिकमधली ही बेटं ब्रिटनच्या ताब्यात होती. 2 एप्रिलला अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने तिथे सैन्य उतरवलं आणि ब्रिटनने आरमार पाठवलं. त्यातली मुख्य नौका होती ‘हर्मिस’. ती आपल्याला चांगली ओळखीची आहे, कारण हीच पुढे 1987 मध्ये आपली ‘आयएनएस विराट’ झाली आणि 2017 साली मुंबईत निवृत्त झाली.

आता बघा, बेटं ब्रिटनपासून जवळपास तेरा हजार किलोमीटर लांब. पत्रकाराला तिथे जायचं तर नौदलाच्या जहाजातूनच. नौदलाला खरं तर पत्रकार फारसे नकोच होते. शेवटी साधारण तीसेक जणांना नेलं, आणि तेही सगळे ब्रिटिश. बातमी पाठवायची तर जहाजावरच्या यंत्रणेतून, म्हणजे आधी जहाजावरचा सरकारी अधिकारी वाचणार आणि मग लंडनमध्ये संरक्षण खातं पुन्हा तपासणार. टीव्हीचं तर विचारूच नका. काही फिल्म लंडनला पोचायला आठवडेच्या आठवडे लागले! सरकारने एकही वर्तमानपत्र बंद केलं नाही. गरजच नव्हती. जहाजही त्यांचं आणि तारही त्यांचीच.

1 मेला हर्मिसवरून हॅरियर विमानं हल्ल्याला गेली. बीबीसीचा ब्रायन हॅनरहन जहाजावर होता. किती विमानं गेली ते सांगायची त्याला मनाई होती. त्याने काय केलं? श्रोत्यांना सरळ सांगितलं की आकडा सांगायची मला परवानगी नाही, पण जाताना मी सगळी मोजली आणि परत येताना पुन्हा सगळी मोजली. बस्स. गुपित फुटलं नाही, आपलं एकही विमान पडलं नाही हेही कळलं, आणि बातमीला कात्री लागलीय हेही ऐकणाऱ्याला समजलं. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

तिकडे लंडनमध्ये वेगळीच भानगड. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’मध्ये पीटर स्नो दोन्ही बाजूंचे दावे तपासताना ‘आपलं सैन्य’ न म्हणता ‘ब्रिटिश’ म्हणत होता. झालं! एका खासदाराने हे जवळपास देशद्रोहासारखं आहे म्हटलं, ‘द सन’ने गद्दार शोधायला घेतले, आणि पंतप्रधान थॅचर यांनी संसदेत नाराजी बोलून दाखवली. बीबीसीची लायसन्स फी किती असावी हे सरकार ठरवतं, तेव्हा ही नाराजी हलक्यात घेण्यासारखी नव्हती. तरी बीबीसीने भाषा बदलली नाही. मग सरकारने असेन्शन बेटावरचा बीबीसीचा एक ट्रान्समीटर ताब्यात घेऊन अर्जेंटिनी सैनिकांसाठी स्पॅनिशमध्ये स्वतःचं प्रचार केंद्रच चालवलं.

पण थांबा, सरकारची भीती सगळी खोटी होती असंही नाही. मेच्या अखेरीस पॅराशूट रेजिमेंटची तुकडी गूज ग्रीनच्या दिशेने निघाल्याचं बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने हल्ल्याच्या आधीच सांगून टाकलं. तुकडीचे प्रमुख कर्नल जोन्स भयंकर संतापले. दुसऱ्या दिवशी त्या लढाईत ते मारले गेले. आपल्याकडे 26/11 ला कमांडो कारवाई लाइव्ह दाखवली गेली, ती तिकडे बसलेले हँडलर बघत होते. सुप्रीम कोर्टाने त्यावर खडे बोल सुनावलेत. म्हणजे काही गोष्टी लपवाव्याच लागतात. फक्त गूज ग्रीनची गंमत अशी, की बातमी फुटली ती रणांगणावरच्या पत्रकाराकडून नाही. फुटली लंडनमधूनच.

आणि अर्जेंटिना? तिथे तर लष्करशहाच. ‘हेंते’ या लोकप्रिय मासिकाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात: ‘आपण जिंकतोय’. ब्रिटनची ‘इन्व्हिन्सिबल’ नौका त्यांच्या बातम्यांमध्ये बुडाली होती. प्रत्यक्षात ती धडधाकट परत गेली. लोकांनी विजयाच्या आशेवर दागिने, पैसे दान केले. मग 14 जूनला अचानक शरणागती! जिंकत होतो ना, मग हरलो कसे? चिडलेले लोक ब्युनोस आयर्सच्या चौकात उतरले, आणि काही दिवसांतच गाल्तिएरी यांना सत्ता सोडावी लागली.

ब्रिटनमध्ये मात्र युद्ध संपल्यावर संसदेच्या संरक्षण समितीने माहिती कशी हाताळली याची चौकशी केली, संपादकांना आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून.

मी आता एक साधी सवय लावलीय. युद्धाची बातमी आली की बघतो: सांगणारा तिथे होता का, त्याला कोणी नेलं, आणि काय सांगता येत नाही हे तो सांगतोय का. तिन्हीचं उत्तर मिळेपर्यंत फॉरवर्डचं बटण दाबत नाही.

हा भाग काकांना पाठवलाय. अजून निळी टिक आलेली नाही.