कूलंटचा दिवा उगाच लुकलुकतो तेव्हा

गाडी : फोक्सवॅगन टी-३ कॅम्पर. टी-३ बाजारात आली १९७९मध्ये. पेट्रोल इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले ते १९८२च्या अखेरीस. इंजिन मागे, रेडिएटर पुढे. म्हणून लांबच लांब पाइप आणि तब्बल १६-१७ लिटर कूलंट.

दिवा : तापमानाच्या काट्याजवळचा लाल ठिपका. चावी फिरवल्यावर काही सेकंद लुकलुकून विझला, तर ठीक. पातळी घटली किंवा इंजिन तापले, तरी हाच लुकलुकतो. काटा पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

सेन्सर : इंजिनाजवळच्या दाबाच्या टाकीत, दोन धातूच्या काड्यांचा. नंबरप्लेटमागच्या टाकीत नव्हे. ती भरलेली पाहून अनेक जण फसतात. काड्यांमधल्या कूलंटमधून वीज वाहते, तोवर दिवा गप्प. काड्यांवर थर चढला की टाकी भरलेली असूनही इशारा. निव्वळ डिस्टिल्ड वॉटरनेही तसेच होते, त्यातून वीज जेमतेम वाहते.

तपासणी : आधी पातळी. मग सेन्सरचा प्लग काढून त्याच्या वायरी तारेच्या तुकड्याने जोडायच्या. दिवा थांबला, तर दोष सेन्सरचा. नाहीच थांबला, तर वायर, जोडणी किंवा रिले.

सावधान : गरम इंजिनावर टाकीचे झाकण उघडू नये.