कोकम : वाटीतले आणि बाटलीतले

कोकणी माणसाला कोकमाचे गुण सांगायला नकोत. उन्हाळ्यात सरबत, जेवणानंतर सोलकढी, अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी आणि टाचांच्या भेगांना मुठेल, हे आजीचे औषधशास्त्र आपल्याला पाठच आहे. पण हल्ली इथल्या दुकानांत वजन उतरवण्यासाठी ‘गार्सिनिया’च्या गोळ्या मिळतात आणि ‘हे आपले कोकमच ना? मग घ्यायला काय हरकत?’ असे मंडळातल्या तीन-चार जणांनी मला विचारले. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण लेबल वाचायची सवय आहे. म्हणून थोडा अभ्यास केला.

आपले कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा हे त्याचे माहेर. गोळ्यांत बहुधा असते ते गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. म्हणजे सख्खे नव्हे, चुलत भावंड.

कोकमाचा लालजांभळा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. शिवाय सालीत गार्सिनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. ही दोन्ही अँटिऑक्सिडंट आहेत, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ‘फ्री रॅडिकल्स’ना निष्प्रभ करतात. मात्र गार्सिनॉलवरचे बरेचसे प्रयोग परीक्षानळीत आणि प्राण्यांवर झालेले आहेत. परीक्षानळीत चालले ते माणसाच्या शरीरात चालेलच असे नाही.

गोळ्यांचा सारा भर तिसऱ्या द्रव्यावर आहे : हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. कुडमपुळीतले मुख्य आम्ल हेच, असे १९६५ साली म्हैसूरच्या लुईस आणि नीलकंठन या संशोधकांनी दाखवले. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवते, म्हणून वजन घटेल असा तर्क. तर्क सुरेख, पण प्रत्यक्षात काय झाले? १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १३५ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवडे काहींना रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल दिले, इतरांना नुसत्याच दिखाऊ गोळ्या. आम्लवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले, दिखाऊ गोळीवाल्यांचे ४.१ किलो!

पैसे वाया गेले, एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिला नसता. गार्सिनिया असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. काहींवर यकृत-प्रत्यारोपणाची पाळी आली. आणि १९९४ च्या कायद्यानुसार अमेरिकेत अशी पूरक उत्पादने विकण्यापूर्वी त्यांची परिणामकारकता सरकारपुढे सिद्ध करावी लागत नाही. बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिले म्हणजे ती तपासलेली असते असे नव्हे.

तेव्हा आमटीत आमसूल खुशाल घाला. फक्त रक्तदाब असेल तर आमसूल आणि आगळ यांतले मीठ, आणि मधुमेह असेल तर सरबतातली साखर हिशेबात धरा. गोळ्या आधीच चालू असतील तर डॉक्टरांना विचारतील तेव्हा नव्हे, आपणहून सांगा. ‘ते काही औषध नाही’ म्हणून आपण गप्प बसतो. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, तर गोळ्या बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वजनाचे म्हणाल, तर सोलकढी पिऊन झाल्यावर अर्धा तास चालून या. त्याला बाटली लागत नाही.