अम्मी-अब्बू मुलाकडे परदेशात निघालेत? तिकिटाआधी विमा नीट वाचा

नगरच्या मुकुंदनगर, झेंडीगेट, भिंगारमध्ये किंवा तिकडे श्रीरामपूर-संगमनेरला अशी घरं आज सहज सापडतात, ज्यांचा एक मुलगा जेद्दाहला किंवा दुबईला आहे, भाची लंडनला, तर जावई अमेरिकेत. तिकडे घर स्थिरस्थावर झालं की फोन येतो, "अम्मी, अब्बूंना घेऊन या, नातवंडांना बघून जा." मग पासपोर्ट, व्हिसा, तिकीट अशी धावपळ सुरू होते. विमा मात्र सगळ्यात शेवटी आठवतो. एजंट सगळ्यात स्वस्त पॉलिसी जोडून देतो आणि घरचे निश्चिंत होतात.

खरी अडचण इथेच आहे. सत्तरीच्या माणसाला परदेशात दवाखान्यात जावं लागलं, तर त्याचं कारण बहुतेक वेळा शुगर, बीपी, हृदय, किडनी किंवा दमा असं जुनंच दुखणं असतं. आणि स्वस्त पॉलिसी नेमकं तेच वगळते. म्हणून रक्कम किती लाखांची आहे हे विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: "पूर्वीपासून असलेल्या आजाराचं काय?"

उत्तरं साधारण तीन प्रकारची मिळतात. काही पॉलिसी असा आजार पूर्ण वगळतात. काही पॉलिसी जिवावर बेतलं तरच, आणि रुग्ण धोक्याबाहेर येईपर्यंतच खर्च देतात, तोही ठरावीक मर्यादेत. तिसरा प्रकार अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या अनेक पॉलिसींत असतो. तिथे जुना आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उसळला तरच खर्च मिळतो. अनेक पॉलिसींत 24 तासांच्या आत उपचार घेतलेले असावे लागतात, आणि ठरावीक वयानंतर ही सोय बंद होते किंवा मर्यादा बरीच खाली येते. आपल्या वडीलधाऱ्यांची सवय कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. छातीत दुखत असलं तरी "गॅस असेल, सकाळी बघू" म्हणतात. मुलाला त्रास नको म्हणून दोन-दोन दिवस सांगत नाहीत. परदेशात हा संकोच जिवाला तर घातक आहेच, पण क्लेमही घालवतो. निघण्याआधी त्यांना हे समजावून सांगा.

"शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल," असा सल्ला देणारेही भेटतात. तो अजिबात ऐकू नका. दवाखान्यात दाखल होताना अब्बू स्वतःच डॉक्टरला सांगतात की पंधरा वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, आणि ते केसपेपरवर लिहिलं जातं. कंपनी इथल्या फॅमिली डॉक्टरचे कागदही मागवू शकते. मग आजार लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारला जातो. खोटं लिहून दिल्याचा गुनाह वेगळाच.

देशानुसार नियम बदलतात. युरोपातल्या शेनजेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतोच. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्ष मुदतीचा विमा बंधनकारक आहे. सौदीच्या उमरा व्हिसात विमा धरलेलाच असतो, पण तो तातडीच्या उपचारांसाठी असतो. रोजच्या गोळ्या, नेहमीची तपासणी त्यात धरू नका. खरं तर कुठल्याच देशासाठी धरू नका. मुक्कामभर पुरतील एवढी औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी इथूनच न्या.

इंग्लंडबाबत गैरसमज फार आहे. "तिथे दवाखाना फुकट आहे" असं सर्रास बोललं जातं. सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीच्या व्हिसावर गेलेल्या पाहुण्याला अपघात विभागात सुरुवातीचे उपचार मोफत मिळतात. दाखल केलं की मात्र सरकारी दराच्या दीडपट बिल लागतं, आणि ते थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते.

अमेरिकेत भेटीच्या व्हिसाला विम्याची सक्तीच नाही, म्हणून अनेक जण तो घेत नाहीत. पण सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे. इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला पैशांअभावी परत पाठवायचं नाही, असा कायदा तिथे 1986 पासून आहे. बिल मात्र माफ होत नाही. ते नंतर घरी येतं, आणि हजारो डॉलरचं असतं. तिथल्या पॉलिसींतही दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते आणि बाकीचं बिल तुमच्या अंगावर पडतं. ती स्वस्त असते. दुसरीत सुरुवातीची ठरलेली रक्कम तुम्ही भरायची आणि पुढचा बहुतांश खर्च मर्यादेपर्यंत कंपनी देते. परवडत असेल तर आमच्या मते दुसरीच घ्यावी.

पॉलिसी इथून घ्यावी की मुलाने तिकडून? भारतीय कंपनीची पॉलिसी सहसा देश सोडण्याआधीच घ्यावी लागते. तिचा फायदा असा की वाद झाला तर तक्रार इथे करता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं आणि तिथे फी लागत नाही. तिकडच्या पॉलिसीचा फायदा म्हणजे तिथली हॉस्पिटलं त्या कंपन्यांना ओळखतात आणि अनेकदा बिल थेट कंपनीला पाठवतात.

नावाचा घोळ आपल्या घरांत हमखास असतो. आधारवर "शेख फातिमाबी", पासपोर्टवर "फातिमा", दवाखान्याच्या फाइलवर आणखी तिसरंच. जन्मतारीखही प्रत्येक कागदावर वेगळी. पॉलिसीत नाव आणि तारीख पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर जुळवून घ्या.

एक विषय कोणी काढत नाही, पण काढायला हवा. अल्लाह न करो, पण परदेशात इंतकाल झाला तर? पॉलिसीत मय्यत मायदेशी आणण्याचा खर्च बहुधा असतो. आपल्याकडे मात्र दफनविधी लवकर उरकण्यावर भर असतो, आणि अनेक कुटुंबं तिथेच दफन करणं पसंत करतात. तो खर्च पॉलिसी देते का आणि किती, हे वेगळं विचारून घ्या.

विमा जायज आहे का, हा प्रश्नही निघणारच. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1985 साली व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि सहकारी तत्त्वावरच्या विम्याचा पर्याय मान्य केला. त्यालाच आपण तकाफुल म्हणून ओळखतो. मुलगा आखातात किंवा मलेशियात असेल तर तिथे तकाफुल कंपन्या आहेत, त्याने चौकशी करावी. जिथे कायद्याची सक्ती आहे तिथे अनेक उलेमा मुभा देतात. अमेरिकेसारख्या ठिकाणी, जिथे सक्ती नाही, तिथे आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. पण विचारताना खर्चाचं पूर्ण चित्र त्यांच्यासमोर ठेवा. विमा टाळला आणि पुढे बिल फेडायला मुलाला व्याजाने कर्ज काढावं लागलं, तर तोही प्रश्न उरतोच.

आता उलटा प्रवास. लंडनचे चाचा लग्नासाठी नगरला येत असतील, तर त्यांनी विमा तिकडूनच घेऊन निघावं. ब्रिटनचं सरकारी आरोग्य कार्ड भारतात चालत नाही, आणि अमेरिकेतल्या वृद्धांची मेडिकेअर योजना सहसा देशाबाहेरचा खर्च देत नाही. आपल्याकडचं 70 वर्षांवरील लोकांचं आयुष्मान कार्डही परदेशी नागरिक असलेल्या पाहुण्याला मिळत नाही. इथल्या खासगी दवाखान्यात परदेशी कंपनीची कॅशलेस सोय मिळेलच या भरवशावर राहू नका. बिल आधी खिशातून भरायची तयारी ठेवा. डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल, पावत्या आणि रिपोर्ट सही-शिक्क्यासह त्याच दिवशी घ्या. चाचा परत गेल्यावर ते गोळा करणं फार कठीण जातं.

आणि कुठेही जा, दाखल होताच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावं लागतं. तो नंबर, पॉलिसी क्रमांक, चालू औषधांची नावं आणि मुलाचा फोन नंबर एका कार्डावर इंग्रजीत लिहून अम्मीच्या पर्समध्ये आणि अब्बूंच्या खिशात ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणून चालत नाही, कारण ऐन वेळी त्याचा लॉक कोणाला उघडता येत नाही.