औषधानें थांबलेला संसर्ग आणि न थांबलेलें भय

रोगाचें भय निराळें आणि रोग्याचें भय निराळें. पहिल्यानें मनुष्य सावध होतो. दुसऱ्यानें निष्ठुर होतो. कुष्ठरोगावर गुणकारी औषधें निघालीं, रोगी बरे झाले, तरीहि कित्येकांस स्वतःच्या घराचा उंबरठा पुन्हां ओलांडतां आला नाहीं, हें महाराष्ट्रास चांगलें ठाऊक आहे. एच्. आय्. व्ही. ह्या विषाणूच्या बाबतींत आज पुष्कळशी तशीच स्थिति आहे. योग्य उपचारानें ह्या विषाणूचा संसर्ग थांबतो, हें आतां निःसंशय सिद्ध झालें आहे. परंतु ही वार्ता अनेक सुशिक्षित घरांपर्यंतहि अद्यापि पोंचलेली नाहीं.

हा रोग १९८१ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या प्रथम लक्षांत आला. १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक माँताञे आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याच्या मुळाशीं असलेला विषाणु शोधून काढला. भारतांत पहिले रुग्ण १९८६ सालीं मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथें आढळले. त्या काळीं उपाय हातीं नव्हता. ‘एड्स’ हा शब्द कानीं पडतांच लोकांच्या डोळ्यांपुढें मृत्यु उभा राही. मग रोग्याचें ताट वेगळें होई, अंथरूण वेगळें होई, आणि पुढें माणूसच वेगळा होई. वस्तुतः हा विषाणु हवेंतून, स्पर्शानें, एका पंक्तीस जेवल्यानें अथवा डांस चावल्यानें पसरत नाहीं. रक्त, शरीरसंबंधाच्या वेळचे स्राव आणि मातेचें दूध, ह्या मार्गांनींच तो एका देहांतून दुसऱ्या देहांत जातो.

औषध काय करतें हें समजण्यासाठीं विषाणूची रीत पाहिली पाहिजे. तो एकटा वाढूं शकत नाहीं. शरीराचें रक्षण करणाऱ्या सी. डी. ४ नांवाच्या पेशींत तो शिरतो, आपल्या आर्. एन्. ए. ह्या लेखाचें डी. एन्. ए. ह्या लिपींत भाषांतर करतो, आणि तें पान पेशीच्या मूळ पोथींत चिकटवून देतो. मग ती पेशी त्याच्याच नकला काढूं लागते. आजच्या उपचारांतील टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडीन हीं औषधें भाषांतराचें काम अडवितात, तर डोल्युटेग्राव्हिर हें औषध तें पान पोथींत चिकटूं देत नाहीं. एकच औषध दिलें असतां नकलांमधील चुकांतून त्यास दाद न देणारा विषाणु निपजतो. अनेक औषधें मिळून दिलीं असतां त्यास वाट सांपडणें फार कठीण होतें. १९९६ च्या सुमारास हें तत्त्व उपचारांत रूढ झालें. भारत सरकारनें १ एप्रिल २००४ पासून असा उपचार विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि आज पुष्कळशा रुग्णांना वरील तिन्ही औषधें असलेली एकच गोळी दिवसाकाठीं पुरते.

गोळी नियमानें घेतली म्हणजे बहुधा सहा महिन्यांच्या आंत रक्तांतील विषाणूंची संख्या इतकी घटते कीं नेहमींच्या तपासणींत ती मोजतांच येत नाहीं. कांहीं पेशींत विषाणु निद्रिस्त राहतो, आणि गोळी बंद केल्यास बहुधा कांहीं आठवड्यांतच पुन्हां वाढूं लागतो. म्हणून उपचार जन्मभर चालू ठेवावा लागतो. परंतु तो चालू असेपर्यंत रक्षक पेशींची संख्या सुधारते, आणि वेळीं उपचार मिळालेला मनुष्य इतरांच्या जवळजवळ बरोबरीनें आयुष्य जगतो.

असा मनुष्य आपल्या जोडीदारास विषाणु देऊं शकतो काय? २००८ सालीं स्वित्झर्लंडमधील कांहीं तज्ज्ञांनीं ‘नाहीं’ असें उत्तर दिलें, तेव्हां त्यांजवर मोठी टीका झाली. कारण पुरावा अपुरा होता. तो पुरावा पुढें मिळाला. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यांत पुणें व चेन्नई येथील जोडपींहि होतीं. प्रत्येक जोडप्यांत एकास संसर्ग होता व दुसऱ्यास नव्हता. निम्म्यांस तत्काळ उपचार दिला, इतरांस तत्कालीन नियमाप्रमाणें नंतर. २०११ सालीं निष्पन्न झालें कीं जोडीदाराकडूनच आलेल्या २८ संसर्गांपैकीं २७ उशिरां उपचार मिळालेल्या गटांतले होते व तत्काळ उपचाराच्या गटांत अवघा एक होता.

पुढें युरोपांत ज्यांच्या रक्तांतील विषाणु औषधानें दबलेला होता अशाच जोडप्यांवर लक्ष ठेवण्यांत आलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत समलिंगी पुरुषांच्या ७८२ जोड्या होत्या. कंडोम न वापरतां झालेले संबंध सुमारें ७६,००० होते; तरी जोडीदाराकडून आलेला संसर्ग एकहि आढळला नाहीं. पंधरा पुरुषांस नवा संसर्ग झाला होता खरा, परंतु तो बाहेरून आलेला होता. हें ओळखण्याची रीत शिक्षकांच्या परिचयाची आहे. दोन उत्तरपत्रिकांत त्याच चुका त्याच ठिकाणीं असल्या कीं नक्कल उघड होते. तद्वत् दोघांच्या विषाणूंचे जनुकीय लेख ताडून पाहतात. ह्या पंधरा जणांचे लेख जोडीदाराच्या लेखाशीं जुळले नाहींत.

‘जो सांपडत नाहीं तो पसरत नाहीं’ असें जें सूत्र २०१६ पासून जगभर सांगितलें जाऊं लागलें त्याचा आधार हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०२३ सालीं त्यास स्पष्ट दुजोरा दिला. मात्र सूत्राची मर्यादा ओळखावी. तें शरीरसंबंधापुरतें आहे. सुई सामायिक वापरणें, रक्तदान ह्यांस तें लागू नाहीं. गर्भवतीनें उपचार घेतल्यास बालकास होणारा संसर्ग फार मोठ्या प्रमाणांत टळतो. परंतु स्तनपानांतील धोका अत्यल्प झाला तरी शून्य मानलेला नाहीं. इतर गुप्तरोगांपासून ही गोळी रक्षण करीत नाहीं. तपासणीहि वेळोवेळीं झाली पाहिजे.

ह्या ज्ञानाची गरज रोग्याइतकीच त्याच्या घरच्या मंडळींना आहे. भय आणि रोग एकमेकांस पोसतात. लोक काय म्हणतील ह्या धास्तीनें मनुष्य तपासणी टाळतो. तपासणी नाहीं म्हणून उपचार नाहीं. आणि उपचार नाहीं म्हणून विषाणु पसरत राहतो. कोणी सून सासरच्यांपासून गोळी लपवून ठेवते आणि एखाद्या दिवशीं ती चुकते. कोणी तरुण, आपण जोडीदारास अपाय करूं ह्या समजुतीनें, लग्नाचा विचारच सोडून देतो. २०१७ चा भारतीय कायदा नोकरी, शिक्षण, वैद्यकीय सेवा व भाड्याचें घर ह्यांबाबत भेदभाव करण्यास मनाई करतो, आणि संमतीवांचून तपासणी करूं नये असेंहि सांगतो. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलांत आहे. परंतु स्वयंपाकघरांत कायद्याचा हात पोंचत नाहीं. तेथें ज्या कुटुंबांत गोळीची वेळ मधुमेहाच्या गोळीइतक्या सहजतेनें विचारली जाते, त्या कुटुंबांत गोळी चुकण्याचा संभव कमी, आणि म्हणून संसर्गाचाहि कमी. ताट वेगळें मांडण्यास शास्त्राचा आधार पूर्वींहि नव्हता; आतां भयालाहि आधार उरलेला नाहीं.